खोडाचे दुखणे आणि शेंड्यावर फवारा

सातारा घ्या नाहीतर सांगली, वळवाचे दोन पाऊस पडून गेले की रस्त्याकडेच्या झाडांवरून एक वाद हमखास पेटतो. कुठे जुन्या आंब्याच्या बुंध्याशी भुसा सांडलेला दिसतो, कुठे वर्षावृक्षाच्या फांद्या पांढऱ्या पडतात, कुठे कडुनिंबाच्या पानांची रातोरात चाळणी होते. मग एक बाजू म्हणते, झाड किडले आहे, औषध मारा, नाहीतर तोडून मोकळे व्हा. दुसरी म्हणते, रसायनाचा थेंब नको, निमतेल मारा, दहा प्रकारच्या पाल्याचा दशपर्णी अर्क मारा. आवाज चढतात, पण दोघांचे भांडण एकाच गोष्टीवर असते: टाकीत काय घालायचे. कीड कोणती, ती झाडाच्या आत आहे की बाहेर, आणि शेजारची झाडे सोडून ती याच झाडाला का लागली, हे तीन प्रश्न कोणी विचारत नाही. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. गावातली मोठी झाडे फवाऱ्याने वाचत नाहीत, मग फवारा विषारी असो की सेंद्रिय. ती वाचतात बुंध्याजवळची माती मोकळी ठेवल्याने, करवत योग्य महिन्यात चालवल्याने आणि वर्षातून दोनदा खोड जवळून पाहिल्याने. औषधाची पाळी त्यानंतर येते, आणि तेही पंपाने नव्हे, सिरिंजने किंवा ब्रशने.

आतल्या किडीपासून सुरू करू, कारण मोठे झाड खरोखर मारते ती हीच. आंबा, फणस, तुती, सावर आणि वड-उंबराच्या कुळातली झाडे पोखरणारा खोडकिडा, ज्याला काही भागांत भिरूड म्हणतात, त्याचा भुंगा 5 सेंटिमीटरच्या आसपास लांब, राखाडी, लांबलचक मिशांचा असतो. मानेवर नारिंगी-गुलाबी असे दोन ठिपके. पावसाळ्याच्या तोंडावर तो बाहेर पडतो. मादी सालीतली भेग किंवा जखम शोधते आणि तिथे एकेक अंडे घालते. अळी आधी सालीखाली फिरते, मग लाकडात शिरते. पिवळसर पांढरी, बिनपायाची, पूर्ण वाढल्यावर बोटाएवढी ही अळी आत वर्षभर, कधी त्याहूनही जास्त राहते. बुंध्याशी भुसा दिसतो तेव्हा ती लाकडाच्या भिंतीआड बसलेली असते. पानांवर उडवलेले औषध तिच्यापर्यंत पोचणार कसे? ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून शेंड्यापर्यंत फवारा उडवणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

इलाज साधा आहे, पण तो हाताचा आहे. बुंधा आणि मोठ्या फाट्यांची बेचके खालून वर नीट पाहायची. जुना भुसा काळपट, कोरडा, कोळिष्टकात अडकलेला असतो. ताजा फिकट रंगाचा आणि ओलसर. सगळा भुसा झाडून टाकायचा, प्रत्येक छिद्राभोवती खडूने गोल करायचा आणि दोन दिवसांनी पुन्हा यायचे. ज्या गोलात पुन्हा भुसा आला, तिथे अळी जिवंत आहे. हे दोन दिवस न थांबल्यामुळे बरीच मेहनत रिकाम्या छिद्रांवर वाया जाते. बोट जाईल एवढे स्वच्छ गोल भोक दिसले तर ते भुंगा बाहेर पडून गेल्याचे दार समजावे. त्यात काही ओतण्यात अर्थ नाही. जिवंत छिद्रात सायकलच्या ब्रेकची तार, टोकाला बारीक आकडा करून, हलके फिरवत घालायची. टोकाला पांढरा चिकट ओलावा आला की अळी फुटली. बोगदा वळलेला असेल आणि तार अडत असेल, तर बिव्हेरिया बुरशीचे किंवा कीटकभक्षी सूत्रकृमींचे पाण्यातले द्रावण सिरिंजने भरून भोक ओल्या चिकणमातीने लिंपायचे. ही बुरशी उन्हात टिकत नाही आणि कोरड्यात रुजत नाही. खोडाच्या आत अंधारही आहे आणि ओलही, म्हणून जी बुरशी पानावर फुकट जाते ती बोगद्यात काम करते. मात्र ती जिवंत वस्तू आहे. मुदत उलटलेले किंवा दुकानाच्या दारात उन्हात पडलेले पाकीट म्हणजे नुसती भुकटी. पूर्वी छिद्रात पेट्रोलचा किंवा डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकाचा बोळा कोंबत. त्याने अळी मरते हे खरे, पण पेट्रोलने भोकाभोवतीची जिवंत सालही भाजते, आणि डायक्लोरव्हॉसवर तर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे.

आता तिसरा प्रश्न, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. एकाच रस्त्यावर, एकाच वयाची दहा झाडे असताना दोनच का पोखरली जातात? त्या दोन झाडांभोवती एक फेरी मारली की उत्तर बहुतेकदा सालीवरच लिहिलेले सापडते. कराडहून सांगलीकडे येणाऱ्या ऊसपट्ट्यात तोडणीनंतर पाचट पेटवतात. बांधाला लागून असलेल्या रस्त्याकडेच्या झाडाची शेताकडची बाजू त्या धगीत भाजते. साल लगेच गळत नाही. वरून झाड हिरवेच दिसते, पण सालीखालचा जिवंत थर मेलेला असतो. वर्ष-दोन वर्षांत तिथली साल तडकते, सुटते, आणि खोडकिड्याच्या मादीला नेमकी हवी तशी भेग मिळते. गावात हेच काम कचरा करतो. वडाच्या ढोलीत पालापाचोळा आणि प्लास्टिक सारून काडी लावली जाते. नंतर पंचनाम्यात कारण लिहिले जाते: कीड. आग लावणाऱ्याचे नाव कुठेच येत नाही.

दुसरी जखम आपण दरवर्षी तारीख ठरवून करतो. पावसाळ्यापूर्वी विजेच्या तारांखालच्या फांद्या मे महिन्यात छाटतात. कोयत्याने अर्धवट तोडून ओढलेली फांदी खोडावरची हातभर साल सोबत घेऊन उतरते. ती ओली जखम उघडी असतानाच भुंगेरे उडायला लागतात. आपण जणू त्यांच्यासाठी दार उघडून ठेवतो. यावर वीज कर्मचाऱ्यांचे म्हणणे रास्त आहे: वादळात फांदी तारेवर पडून माणूस दगावला तर जबाबदार कोण? तो धोका कोणी नाकारू नये. पण मोठ्या फांद्यांची छाटणी डिसेंबर-जानेवारीत करायला काय अडते? तेव्हा भुंगे उडत नाहीत आणि पावसाळ्यापर्यंत जखमेच्या कडा वळायला चार-पाच महिने मिळतात. मे महिन्यासाठी फक्त बोटभर जाडीच्या नव्या फुटी उरतात.

छाटणीची रीतही ठरलेली आहे. पहिला काप खोडापासून फूटभर अंतरावर फांदीच्या खालून, एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदी साल न सोलता खाली येते. तिसरा काप उरलेल्या खुंटाचा, फांदीच्या मुळाशी सालीची जी फुगीर कडा असते तिच्या बाहेरून. ही कडा कापली तर जखम भरत नाही, आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजून आत ढोली होते. कापावर डांबर फासू नये, त्याखाली ओल कोंडते. आंब्यासारख्या झाडाला लावायचीच तर बोर्डो पेस्ट लावावी: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करायचा, लोखंडी भांडे वापरायचे नाही. तयार पेस्टमध्ये लोखंडी खिळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे. ही पेस्ट बुरशीवरचा उपाय आहे, किड्यावरचा नाही, हे विसरून तिच्याकडून भलती अपेक्षा ठेवू नये.

बुंध्याला चिकटवलेले पेव्हिंग ब्लॉक आणि काँक्रीट हे तिसरे कारण. अन्नपाणी शोषणारी मुळे मातीच्या वरच्या एक-दोन फुटांतच पसरलेली असतात आणि त्यांना हवा लागते. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे 1 मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, तो याचसाठी. कृष्णाकाठी आणखी एक गोष्ट घडते. 2019 आणि 2021 च्या महापुरात झाडांची मुळे कितीतरी दिवस पाण्याखाली राहिली, आणि पाणी ओसरल्यावर बुंध्याभोवती बारीक गाळाचा थर बसला. शेतात हा गाळ सोने असेल. झाडाच्या बुंध्याशी तो झाकण आहे. तो खोऱ्याने, मुळे न दुखावता, खोड जिथे जमिनीशी रुंदावते तो भाग दिसेपर्यंत काढायला हवा. घुसमटलेले झाड चीक आणि डिंक कमी सोडते. चीक आणि डिंक हीच त्याची फौज. कोवळ्या अळीला ते बुडवून मारतात. ती फौज उपाशी ठेवायची आणि मग झाड किडले म्हणून ओरडायचे, याला रक्षण म्हणायचे का?

विरोधकांचा सगळ्यांत वजनदार मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पोखरलेले झाड बसथांब्यावर किंवा शाळेच्या दारात उभे असेल तर मित्रकीटकांची वाट पाहत बसता येत नाही. लाकडी हातोड्याने खोड चहूबाजूंनी ठोकून पाहावे. आवाज पोकळ आला तर बारीक गिरमिटाने भरीव लाकडाची जाडी मोजावी. ती खोडाच्या त्रिज्येच्या एक तृतीयांशाहून कमी भरली तर झाड धोकादायक समजण्याचा ढोबळ संकेत आहे. असे झाड हलके करावे लागेल, प्रसंगी काढावेही लागेल. पण हे ठरवायला मोजमाप लागते. बुंध्यावर वाळवीची मातीची वाट दिसली म्हणून झाड पोकळ ठरत नाही. जुन्या झाडावरची वाळवी बहुतेकदा मेलेली बाहेरची सालच खात असते. मातीची नळी मोडून सालीवर नख मारून पाहा. खाली ओली हिरवट साल असेल तर वाळवी जिवंत सालीत शिरलेली नाही. सांगली जिल्ह्यातल्या भोसे येथील जुना वटवृक्ष वाचवण्यासाठी 2020 मध्ये महामार्गाची आखणी बदलण्यात आली. रस्ता वळवता येतो, तर कुऱ्हाडीआधी एक हातोडा आणि एक गिरमिट का नाही?

बाहेरच्या, रस शोषणाऱ्या किडीची गोष्ट वेगळी. मिलीबग, खवले कीड, मावा यांना फवारा निदान लागतो तरी. इथे सांगलीकरांना बाहेरचा दाखला द्यायची गरजच नाही. 2002 च्या जुलैमध्ये उसावरचा लोकरी मावा याच जिल्ह्यात पहिल्यांदा दिसला आणि बघता बघता सातारा, कोल्हापूर, पुणे, उत्तर कर्नाटकात पसरला. पाने खालून पांढरीफटक, वरून काजळीने काळी. दहा-बारा फूट वाढलेल्या, आडव्या पडलेल्या उसात पंप घेऊन माणूस शिरणार कुठून? अखेर मावा आटोक्यात आणला तो डिफा आणि मायक्रोमस या परभक्षी कीटकांनी. हेक्टरी डिफाच्या 1000 किंवा मायक्रोमसच्या 2500 अळ्या सोडण्याची शिफारस होती. अळ्या असलेल्या पानांचे तुकडे कापून शेतकऱ्यांनी ते दुसऱ्या फडात टाचले. जिथे फवारण्या सुरू राहिल्या, तिथे हे मित्र तगलेच नाहीत. कॅलिफोर्नियाच्या संत्राबागांत हेच घडले होते. 1888 साली ऑस्ट्रेलियातून आणलेल्या लालकाळ्या ढालकिड्याने तिथली खवले कीड संपवली, आणि 1940 च्या दशकात डीडीटी आल्यावर ढालकिडे मेले आणि कीड परतली. ऊस म्हणजे वर्षावृक्ष नव्हे, हा आक्षेप बरोबर आहे. पण बारा फुटांच्या उसात फवारा पोचला नाही, तो पन्नास फुटांच्या झाडावर कसा पोचेल?

झाडावरच्या मिलीबगला आधी मुंग्यांपासून तोडायचे असते. मिलीबगच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात, ढालकिड्यांच्या अळ्यांना हुसकावतात. म्हणून छातीच्या उंचीवर खोडाभोवती 25 ते 30 सेंटिमीटर रुंदीची 400 गेजची प्लास्टिकची पट्टी सुतळीने बांधायची, सालीच्या खाचा आधी ओल्या मातीने बुजवायच्या, आणि ग्रीस पट्टीच्या खालच्या कडेला, प्लास्टिकवरच लावायचे. ग्रीस थेट सालीला फासणे ही नेहमीची चूक. दुसरी चूक म्हणजे पट्टी पावसाळ्यातही तशीच ठेवणे. तिच्याखाली ओल धरून साल कुजते. शेजारच्या झाडाची फांदी किंवा एखादी तार टेकत असेल तर मुंग्या तिथून येतात आणि पट्टी फुकट जाते. मुंग्या थांबल्या की क्रिप्टोलेमस ढालकिडे संध्याकाळी सोडावेत. तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागायतदारांना हे नाव नवे नाही. इथे एक गफलत वारंवार होते. क्रिप्टोलेमसची अळी स्वतःच मिलीबगसारखी पांढऱ्या मेणकट झालरींची असते. ती पाहून माणसे घाबरतात, कीड वाढली म्हणतात आणि राखणदारालाच मारतात. ओळख सोपी आहे: काडीने डिवचा. मिलीबग जागचा फारसा हलत नाही, अळी चटकन पळते, आणि वाढलेली अळी मिलीबगपेक्षा बरीच मोठी असते.

सप्तपर्णीच्या पानांवरच्या गाठी, करंजाच्या पानांवरचे फोड, पावसाळ्यात सागाच्या पानांची जाळी: यांपैकी कशालाही हात लावू नये. मोठे झाड त्याने मरत नाही.

रसायनवाद्यांचा आणखी एक मुद्दा विचार करण्याजोगा आहे. फवारा उडतो, पण खोडात टोचलेले आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसातून सगळीकडे पोचणारे औषध उडत नाही, मग ते का नको? काही ठिकाणी ते लागतेही. अमेरिकेत अॅश वृक्ष पोखरणाऱ्या किड्याविरुद्ध खोडात टोचलेल्या औषधाने झाडे वाचली आहेत. पण आपल्या रस्त्यांवरची झाडे कोणती? उंबर, वड, जांभूळ, कडुनिंब, करंज. आंतरप्रवाही औषध पानात जाते तसे फुलाच्या मधात आणि फळातही जाऊ शकते, आणि उंबराची फळे पाखरेही खातात, मुलेही. 2013 च्या जूनमध्ये ओरेगॉन राज्यातल्या विल्सनव्हिल येथे एका दुकानाच्या वाहनतळावरच्या लिंडन झाडांवर माव्यासाठी डायनोटेफ्युरान हे असेच आंतरप्रवाही कीटकनाशक मारले. झाडे फुलात होती. 50,000 हून जास्त बंबलबी माश्या मरून झाडाखाली पडल्या. आणि फवारणाऱ्या माणसाचे काय? 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तो कापूस उंच वाढलेला होता, म्हणून फवारा अंगावर येत होता. रस्त्यावरच्या झाडाखाली तर मान वर करूनच फवारावे लागते.

मात्र सेंद्रियच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही सोडता येत नाही. तंबाखूचा काढा निसर्गातलाच आहे, आणि त्यातले निकोटिन जहाल विष आहे. भर उन्हात मारलेले निमतेल पाने करपवते आणि ढालकिड्यांच्या कोवळ्या अळ्यांनाही त्रास देते. 5 टक्के निंबोळी अर्क रोपांवर आणि लहान झाडांवर उत्तम: 5 किलो निंबोळी पूड 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, 200 ग्रॅम साबणाचे पाणी मिसळून 100 लिटर करायचे आणि त्याच दिवशी उन्हे उतरल्यावर मारायचे. शिळा अर्क कामाचा नाही. आणि खोडात दडलेल्या अळीला तो विषारी औषधाइतकाच निरुपयोगी. हे न सांगता सेंद्रिय फवाऱ्याचा आग्रह धरला की पहिल्या अपयशानंतर लोक थेट कुऱ्हाडीकडे वळतात.

हुमणीचा, म्हणजे उसाची मुळे खाणाऱ्या अळीचा वाद तर झाडांच्या मुळावरच उठला आहे. माळावरच्या हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर दिवेलागणीला जमिनीतून निघतात, कडुनिंब, बाभूळ, बोरीवर बसून पाला खातात, तिथेच मिलन होते आणि पहाटेआधी जमिनीत परततात. म्हणून बांधावरची, रस्त्यावरची कडुनिंबे तोडा, अशी मागणी होते. उसाचे नुकसान पाहिलेल्या शेतकऱ्याचा राग समजण्यासारखा आहे. पण एक मादी साधारण 60 अंडी घालते, आणि अंडी घालण्याआधी ती एका ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी सापडते, ती याच झाडावर. झाड तोडल्यावर ती शेवग्यावर जाईल, बोरीवर जाईल, पण तुमच्या हाताला लागणार नाही. पहिल्या तीन-चार पावसांच्या संध्याकाळी साडेसातनंतर झाडाखाली ताडपत्री पसरून आकडीने फांद्या हलवायच्या, पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्याच्या बादलीत टाकायचे. एकट्याने करून उपयोग नाही, शिवारातल्या सगळ्यांनी त्याच आठवड्यात करावे लागते. कडुनिंबावर कीटकनाशक मारण्याचा सल्लाही दिला जातो, पण त्याच दिवसांत निंबोळ्या पिकत असतात. त्या पाखरे खातात, बाया वेचतात, आणि त्यांचाच अर्क करून आपण पर्यावरणपूरक म्हणून वापरतो. पाला गेलेला कडुनिंब पावसाने पुन्हा फुटतो.

शेवटचा आक्षेप मनुष्यबळाचा. नगरपालिकेकडे इतकी माणसे कुठे आहेत? हिशेब करून पाहू. एका झाडाला 10 मिनिटे धरली तर एक माणूस दिवसात 40 झाडे पाहतो, महिन्याच्या 25 दिवसांत 1000. फवारणीचे काम लिटर आणि फेऱ्यांवर मोजणे सोपे, म्हणून निविदा फवारणीच्या निघतात. लिटरचे पैसे मिळणार असतील तर ठेकेदार लिटरच संपवणार, त्याला दोष देऊन काय उपयोग? निविदा तपासलेल्या खोडांची काढा. राज्याच्या 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याने दर पाच वर्षांनी वृक्षगणना सांगितलीच आहे. तिच्यात जात, उंची, घेर यांच्या जोडीला चार रकाने वाढवावेत: बुंध्याभोवती मोकळी माती किती, भाजल्याची किंवा छाटणीची जखम कोणत्या बाजूला, ताजा भुसा आहे का, आणि मागच्या खेपेला खडूने केलेल्या गोलात पुन्हा भुसा आला का. पहिली फेरी डिसेंबरात, छाटणीच्या आधी. दुसरी ऑगस्टमध्ये, अळ्या सालीखालीच असताना, जेव्हा चाकूच्या टोकानेही त्या काढता येतात. खोडाला चुन्याचा पट्टा मारायचा तर दुसऱ्या फेरीआधी मारावा. चुन्याने कीड थांबत नाही, पण पांढऱ्यावर भुशाची एक चिमूटही लांबून दिसते.